राखून ठेवलेले थेंब

इस्तारीला तलावापलीकडचा बगळा दिसायचा, पण हातातल्या जाळ्याची गाठ दिसायची नाही. डोंग्यातून वाकता वाकता दोन चष्मे पाण्यात गेले, तेव्हा लेकीनं, आचलनं, चंद्रपूरच्या डॉक्टरांकडून थेंबांची बाटली आणून दिली. थेंब टाकला की अर्ध्या तासानं जवळचं लख्ख दिसायचं. संध्याकाळपर्यंत पुन्हा सगळं धूसर. बाटली महागाची, म्हणून जाळं सांधायचं असेल त्याच दिवशी इस्तारी ती खुंटीवरच्या पिशवीतून काढायचा.

"कधी माह्या तोंडाकडे पाहाले बी टाकत जा एखादा थेंब," त्याची बायको कुंता हसून म्हणायची.

"तुह्यं तोंड पाहाले औषध कायले लागते? पाठ हाये मले," म्हणत तो बाटलीचं झाकण घट्ट लावायचा.

आज कुंताला अंगणात निजवलं होतं. तिरडी बांधून झाली, तरी इस्तारी तिच्या उशाशी मान वर करून बसलेला, हातात ती बाटली. कुंताचा भाऊ धनराज जवळ येऊन हळूच म्हणाला, "भाऊजी, आता उचलाचं नं?"

"थोडं थांब बापा. औषधाले अर्धा घंटा लागते. एक डाव जवळून पाहून घेतो तिले."

धनराज तिथंच खाली टेकला. तिरडीपाशी उभी असलेली माणसंही खाली बसली.



बाटली रिकामी झाली, पण इस्तारीच्या डोळ्यांतलं पाणी एकही थेंब आत टिकू देईना.