अर्ध्यावरचा झेंडा

एसिनामने फोन बंद केला. "भावाचा होता. बाबांना माती दिली."

व्हर्नर, तिचा म्हातारा डेनिश घरमालक, अंगणातल्या खांबाशी गेला. सकाळपासून झेंडा अर्ध्यावर होता. घानात मेलेल्या, कधी न पाहिलेल्या माणसासाठी त्याने तो चढवला होता. एसिनामला जाता आलं नव्हतं. राहण्याचा परवाना नवा होऊन येईपर्यंत डेन्मार्क सोडला तर परत येणं नाही, आणि मानववंशशास्त्राची शिक्षिका होण्याची पदवी अगदी तोंडाशी आलेली. बाबांनीच आजारपणात बजावलं होतं, शिकून मगच ये म्हणून. ते ऐकल्याचा तिला आज पश्चात्ताप होत होता.

"चल, आता वर न्यायचा," व्हर्नर दोरी सोडवत म्हणाला.

"राहू द्या ना थोडा वेळ."

"माती दिली की वर जातो, आणि सूर्य मावळायच्या आत उतरतो. हे मी तुला सांगायचं?"

सांगायला नकोच होतं. परवा गावातल्या शाळेत तिने झेंड्याच्या याच रिवाजावर सरावाचा पाठ घेतला होता. अर्ध्यावर आहे तोवर गेलेला माणूस घरचाच; टोकाला गेला की मागे राहिलेल्यांनी कामाला लागायचं. आमचंच आम्हाला शिकवतेस, म्हणून पोरं हसली. मागच्या बाकावर बसलेल्या परीक्षकबाईंनी मात्र कौतुक केलं, तुला अलिप्तपणे बघणं छान जमतं म्हणाल्या. दुसऱ्याच्या मरणाबद्दल ते कुणालाही जमतं.

"डेनिश लोकांत अशी समजूत आहे," एसिनामने वर्गातला आवाज काढला, "की शोक करणाऱ्याच्या हातांना काही काम..."

"पुरे. ते पोरांना सांग." व्हर्नरने दोरी तिच्या हातात दिली. "आज तू पाहुणी नाहीस. घरच्याने ओढायचा असतो. इंगर गेली तेव्हा मीही बराच वेळ नुसता धरून उभा होतो. बायकोला निरोप द्यायचा तर हात उचलत नाही गं."

तिने दोरी ओढली. आपल्याच हाताने बापाला घराबाहेर काढतोय असं तिला वाटलं. तरी ती ओढत राहिली. झेंडा टोकाला पोचला आणि वाऱ्यावर फडफडू लागला.

रस्त्यावरून सायकलने चाललेल्या शेजारच्या बोडिलबाई थांबल्या. मुलीकडे राहून त्या आत्ताच गावात परतत होत्या. वाढदिवसालाही घरोघर झेंडा चढवणारी इथली माणसं तो टोकाला दिसला की जे विचारतात तेच त्यांनी विचारलं.

"अरे वा, अभिनंदन. वाढदिवस कुणाचा?"

व्हर्नर बोलणार, तेवढ्यात एसिनाम म्हणाली, "माझ्या बाबांचा."

"कितवा?"

"चौसष्टावा."

"म्हणजे माझ्याहून लहानच की. पुढच्या वर्षी इकडेच बोलाव त्यांना, केक मी करीन. सांगशील ना?"

"सांगते."

बोडिलबाई पुढे गेल्या. दोरी खुंटीला बांधायची राहिली होती. एसिनाम ती दोन्ही हातांनी धरून उभी होती, आणि व्हर्नरने ती मागितली नाही.