क्लोव्हिसच्या पाच बंदुका

"आज तिजोरी उघडायची नाही. हवेत ओल आहे," युलिस म्हणाला आणि गॅरेजच्या तोंडाशी आडवा उभा राहिला.

क्लोव्हिस ट्रकमधून उतरला होता, तो तिथेच थबकला. लुईझियानाच्या या दलदलीच्या मुलखात ऑक्टोबर काय नि जून काय, हवेत ओल नाही असा दिवस उजाडतच नाही. हे युलिसला ठाऊक होतं, क्लोव्हिसला ठाऊक होतं, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकणाऱ्या युलिसच्या बायकोला, ओडीललाही चांगलं ठाऊक होतं.

"गेल्या आठवड्यातही ओल होती," क्लोव्हिस म्हणाला.

"मग? कमी झालीय का?"

"माझ्या बंदुका आहेत त्या. माझ्या बापाची दुनळी आहे त्यात."

"असेल. तिजोरी माझी आहे."

क्लोव्हिसने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पोलिसांत जायची धमकी दिली आणि ट्रक भरधाव काढला. धमकी तो दर वेळी द्यायचा, जायचा मात्र कधीच नाही. ओडीलला तो त्याचा मोठेपणा वाटायचा.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पन्नास वर्षांची दोस्ती यांची. फेब्रुवारीत क्लोव्हिसची बायको व्हर्ना गेली, तेव्हा शवपेटी उचलणाऱ्यांत युलिस सगळ्यांत पुढे होता. पुढे पंधरा दिवसांनी क्लोव्हिस आपल्या पाच बंदुका घेऊन आला. छप्पर गळतंय, गंज चढेल, तुझ्याकडे राहू देत, असं म्हणाला. मे महिन्यात छप्पर नवं झालं. ओडील स्वतः जाऊन पाहून आली होती. बंदुका मात्र इथेच राहिल्या.

आणि काय त्यांची बडदास्त! सिमेंटच्या फरशीला घाम फुटतो म्हणून युलिसने तिजोरीखाली लाकडी पट्ट्या सरकवल्या आणि कुणी हलवू नये म्हणून चार जाड बोल्टांनी ती जमिनीत जखडली. आत मंद गरम राहणारी विजेची कांडी बसवली. ओल शोषून घेणाऱ्या दाण्यांच्या पिशव्या तो दर रविवारी ओडीलच्या ओव्हनमध्ये तापवून कोरड्या करायचा, मग तिने कोंबडी भाजायची कधी? कहर म्हणजे जागा व्हावी म्हणून त्याने स्वतःच्या बंदुका कपडे धुण्याच्या खोलीतल्या कपाटात कोंबून कुलूप घातलं. त्यांच्यावर तांबूस डाग पडले, तरी त्याला सोयरसुतक नव्हतं. दुसऱ्याचा माल सरस निघाला की माणसाची नियत अशी फिरते, ओडीलच्या मनात यायचं.

ती गप्प बसणाऱ्यातली नव्हती. बायको गेलेल्या माणसाला लुबाडतोस, लाज कशी वाटत नाही, असं तिने भर जेवणात विचारलं होतं. युलिसने ताटावरून मान वर केली नाही. "तू यात पडू नकोस," एवढंच म्हणाला.

गावाने मात्र तोंड फिरवलं. चर्चमध्ये त्यांच्या बाकावर कुणी बसेना. गळाचं सामान विकणारा म्हातारा, ज्याच्याशी युलिस तासन् तास गप्पा हाणायचा, तो आता त्याला आमिषाची पुडी मुकाट्याने द्यायचा. युलिस सगळं गिळत राहिला. ओडीलला त्याच्या त्या कोडगेपणाचाच जास्त राग यायचा.

शुक्रवारी युलिस दात दाखवायला शेजारच्या गावी गेला आणि तासाभरात क्लोव्हिस दारात हजर झाला. अंगात चर्चला घालायचा इस्त्रीचा शर्ट होता. ट्रकमध्ये मागे बसणारा त्याचा कुत्रा दिसला नाही, म्हणून ओडीलने विचारलं. भाचीला देऊन टाकला, तो म्हणाला. आज त्याच्या तोंडात एकही शिवी नव्हती.

"ओडील, तुला तरी माणुसकी आहे," तो म्हणाला. "बदकांचा हंगाम तोंडावर आलाय. बाकीच्या राहू देत. बापाची तेवढी दे."

ओडीलला भडभडून आलं. थांब इथे, आत्ता आणते, असं म्हणून ती गॅरेजमध्ये शिरली. आग लागली, वादळ आलं तर पंचाईत नको म्हणून तिजोरीचे आकडे या भागात नवराबायको दोघांनाही पाठ असतात. तिने चकती फिरवली, जड दार ओढलं.

आतून कोरडी, ऊबदार हवा आली, तेलाचा वास आला. पाचही बंदुका लखलखत होत्या, गंजाचा ठिपका नव्हता. दाराच्या आतल्या अंगाला युलिसचा कागद चिकटवलेला होता, रोजच्या ओलीच्या नोंदींचा. त्याच्याखाली दुसरा एक घडी घातलेला कागद होता. अक्षर युलिसचं नव्हतं. ओडीलने दुनळी डाव्या हातात धरली होती. तिने उजव्या हाताने तो कागद उलगडला आणि शेवटपर्यंत वाचला.

मग तिने दुनळी जागेवर ठेवली, दार लावलं, चकती फिरवली आणि बाहेर आली.

क्लोव्हिस हात पुढे करून उभा होता.

"मिळणार नाही," ओडील म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"ऐकलंस ते. तिजोरी आमची आहे. हवेत ओल आहे."

क्लोव्हिस तिला चोरटी म्हणाला. मग असं काही काही बोलला, जे साठ वर्षांत तिला कुणी बोललं नव्हतं. ती गॅरेजच्या तोंडाशी आडवी उभी राहून ऐकत होती. पण ती बाजूला झाली नाही.

"झालं बोलून?" ती म्हणाली. "आता ट्रकची किल्ली दे इकडे आणि आत चल. चुलीवर गंबोचं कालवण आहे. युलिस येईपर्यंत तुला इथून हलू द्यायची नाही मी."

एप्रनच्या खिशात तिची मूठ त्या कागदावर आवळलेली होती. अक्षर क्लोव्हिसचं होतं: "युलिस, माझाच माझ्यावर भरवसा उरलेला नाही, म्हणून या तुझ्याकडे ठेवतोय. ओडीलला सांगू नकोस. मी मागायला येईन, भांडेन, वाटेल ते बोलेन. देऊ नकोस."