फाटकापाशी उभी बाई

वकिली सोडल्यापासून ह्यांनी आमच्या अमरावतीच्या घरात टेबलावर आगगाडीचं गाव मांडलं होतं. लाकडाच्या भुशाला रंग देऊन गवत केलं, तुळशीच्या वाळक्या काड्यांची झाडं केली, रुळांखाली बारीक खडी चिकटवली.

एका सकाळी फाटकापाशी, रुळांच्या मधोमध, बोटाच्या पेराएवढी बाई उभी दिसली. हिरव्या साडीतली.

"ही कधी बनवली?" मी विचारलं.

"मी नाही बनवली," म्हणत ह्यांनी तिला केरात टाकलं.

दुसऱ्या दिवशी ती परत तिथंच. आता मला ओळखू आली. पेपरातल्या फोटोतली वनिता! नवऱ्यानं तिला रेल्वेखाली ढकललं आणि ह्यांनी त्याला निर्दोष सोडवलं. "बाई आपणहून रुळावर उभी होती. गाडी दिसत असताना बाजूला का झाली नाही?" कोर्टातला हा सवाल हे अजून पाहुण्यांना ऐकवतात.

हे भडकले. "उभं राहायची हौस आहे ना? राहा!" म्हणत त्यांनी तिचे पाय फेव्हिक्विकनं रुळाला चिकटवले.

संध्याकाळी हे दिवाणखान्याच्या मधोमध नुसतेच उभे होते.

"चारू, पाय निघेनात गं."

टेबलावरची बटणं बंद होती. तरी स्वयंपाकघराकडून शिट्टी वाजली, खऱ्या इंजिनाची. फरशी थरथरू लागली.

मी ओरडायला तोंड उघडलं. निघालेला आवाज माझा नव्हता.

"वकीलसाहेब, गाडी येऊन राहिली. बाजूले काहून नाही होत?"