आपली तार

"मेलं परत!" म्हणत कृष्णातराव खुर्चीतून ताडकन उठले.

पडद्यावर मघापर्यंत भराभरा पळणाऱ्या ओळी जागच्या जागी थांबल्या होत्या. निरोपांचं ते अ‍ॅप कुणीही घ्यावं, आतून उघडून बघावं आणि आपल्या मशीनवर चालवावं, असं होतं. त्याचा सगळा कोड कृष्णातरावांनी उतरवून घेतला होता. पण त्या कोडचं चालतं अ‍ॅप करायचा, म्हणजे बांधणीचा, हुकूम सोडला की मशीन अर्ध्यावर मान टाकायचं.

"मेमरी कमी पडतीया," मुजीबभाई म्हणाले. दोघेही फौजेच्या सिग्नल्समधले, म्हणजे तारा आणि वायरलेस सांभाळणाऱ्या तुकडीतले; कृष्णातराव तिथं हवालदार होते. निवृत्त झाल्यावर मुजीबभाईंनी साताऱ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि कृष्णातराव त्या दुकानातली एक खुर्ची अडवून बसले ते बसलेच. "आरं, तयार अ‍ॅप काय कमी हाईत व्हय? साऱ्या जगाचं भागतंय त्येच्यावर. तुजंच का भागंना?"

"दुसऱ्याच्या तारंवरनं ह्ये बोलणं न्हाई व्हायचं."

"कसलं बोलणं रं?"

कृष्णातरावांचे कान लाल झाले. मुजीबभाईंना सगळं ठाऊक होतं, पण विचारल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही.

बोलणं होतं अंबूबाईंशी. माधवनगरच्या बचत गटाच्या अध्यक्ष. साताऱ्याच्या प्रदर्शनात त्यांनी शेंगदाण्याच्या चटणीचा गाळा लावला होता. कृष्णातराव विधुर, अंबूबाई विधवा, आणि दोघांचीही पोरं आपापल्या संसाराला लागलेली. घरातली चटणी संपायच्या आतच कृष्णातराव पुन्हा गाळ्यावर हजर व्हायचे. शेवटच्या दिवशी त्यांनी धीर केला आणि विचारलं, उरलेलं आयुष्य बरोबर काढायचं का?

अंबूबाईंनी डबे आवरता आवरता मान वर केली होती. "हितं चारचौघांत कसं सांगू? फोनवर तर न्हाईच न्हाई. माजा फोन समदं घर वाचतं. तुमी सिग्नलवालं न्हवं? मग अशी जागा काढा, जितं तुमी आन मीच. तितं सांगते."

झालं! तेव्हापासून हवालदारसाहेबांच्या अंगात वारं शिरलं होतं.

मुजीबभाईंनी कपाटातून मेमरीची पट्टी काढली आणि मशीनच्या पोटात बसवली. हुकूम पुन्हा सुटला. ओळी पळू लागल्या. कृष्णातराव उभ्यानंच बघत होते, बसायची त्यांची छाती होईना. मघाची जागा आली, गेली, आणि ओळी पळतच राहिल्या.

"झाली! बांधणी झाली!"

सर्व्हर चालू केला, ब्राउझर उघडला, तर पांढरंफटक पान. कृष्णातरावांनी कपाळाला हात लावला.

"घाबरतोस काय? सेटिंगमदी नमुन्याचाच पत्ता ऱ्हायलाय," मुजीबभाईंनी बोट दाखवलं. "दुसऱ्याचा पत्ता घालून आपलं घर सापडंल व्हय?"

कृष्णातरावांनी आपल्या मशीनचा पत्ता भरला. पान पुन्हा उघडलं आणि वर ठसठशीत अक्षरांत त्यांनीच ठेवलेलं नाव दिसलं, आपली तार. दोघं असे ओरडले, की समोरचा चहावाला किटली तशीच ठेवून बघायला आला.

अंबूबाईंना फोन करून पत्ता सांगितला. गटाच्या ऑर्डरी त्या कॉम्प्युटरवरच घेत, त्यामुळे फार समजवावं लागलं नाही. थोड्या वेळानं त्यांच्या नावापुढं हिरवा ठिपका लागला. कृष्णातराव खुर्ची ओढून पडद्याला नाक लावून बसले.

"पोचले," पहिला निरोप आला.

कृष्णातरावांनी बरंच काही लिहिलं, पुसलं, आणि शेवटी पाठवलं, "नमस्कार. मी कृष्णात."

"आन तिला वाटलं आसंल कलेक्टर," मुजीबभाई पुटपुटले.

"अक्षरं लय बारीक हाईत," अंबूबाईंनी लिहिलं.

कृष्णातरावांनी अक्षरं मोठी कशी करायची ते सांगितलं. ती झाली. मग प्रश्न आला, "माणसाच्या नावाफुडं ही पेन्सिल कसली?"

"तिनं नाव बदलता येतंय. ज्येच्या त्येच्या पडद्यावर, ज्येला जे पायजे ते."

त्यानंतर पडदा गप्प झाला. हिरवा ठिपका होता, पण निरोप येईना. कृष्णातराव पुढं सरकले, मागं सरकले, चष्मा पुसून आले. हो म्हणेल का? नाही म्हणायचं असतं तर एवढा खटाटोप कशाला करायला लावला असता? हो म्हणेलच!

टिंग झालं.

"तुमचं नाव म्या काढून टाकलं."

कृष्णातरावांनी ते पुन्हा वाचलं. मुजीबभाईंनीही वाचलं. त्यांनी मित्राच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे गड्या. नावच काढलं म्हंजी इषय सपला."

कृष्णातरावांना भडभडून आलं. एवढ्या हौसेनं आपण जागा बांधली ती नकार ऐकायला, असं त्यांना वाटलं. पण गडी फौजेतला. नाक पुसून त्यांनी लिहिलं, "बरं. तुमची मर्जी. माझा राग न्हाई."

"मुजीब, बंद कर ह्ये," ते म्हणाले. मुजीबभाईंचा हात बटणाकडं गेला, तोच पुन्हा टिंग झालं.

"राग कशाचा? बरुबर झालंय का तेवढं बघा," आणि पाठोपाठ अंबूबाईंच्या पडद्याचं चित्र. ते हळूहळू उमटत गेलं. सगळ्यात वर, जिथं मघापर्यंत 'कृष्णात' होतं, तिथं अंबूबाईंनी लिहिलं होतं, 'आमचे हे'.