ह्यांचा पलंग

आमच्या जोगेश्वरीच्या घराचं काम काढलंय, म्हणून सून जान्हवीने खोल्यांचा नकाशा केला. रेघांचं ते चित्र कॉम्प्युटरवर असतं. काळ्या पडद्यावर ती एक ओळ टाइप करते, तेव्हा कुठे त्याची छापायची पीडीएफ होते.

मी चौथी शिकलेली, पण छापलेला कागद बघताच कडाडले, "अगं शहाणे, सासऱ्याचे पाय दक्षिणेला? आमच्यात दक्षिणेला पाय मेलेल्याचे करतात!"

"आई, इथे बघा ना. मी उशी दक्षिणेलाच काढलीय."

पडद्यावर खरंच बरोबर होतं. तिने तीच ओळ परत टाइप केली, नवा कागद काढला. कपाट जागेवर, खिडकी जागेवर, माझा पलंगही जागेवर. फक्त ह्यांचा उलटा.

तिसऱ्यांदाही तसाच.

"थापा मारतंय तुझं यंत्र," मी म्हणाले. एरवी शब्दाला शब्द देणारी जान्हवी पुन्हा तीच ओळ टाइप करू लागली.

तेवढ्यात आतून हे हसले. सहा महिने गुडघेदुखीने कण्हणारा माणूस.

मी कागद हातात घेऊनच आत गेले. तो सागवानी पलंग गावाहून आणला, तेव्हा उचलायला चार माणसं लागली होती. हे निजले होते, सकाळी उशी होती त्या दक्षिणेच्या खिडकीकडे पाय करून.

"बरं केलंस गो, पलंग फिरवलास," हे म्हणाले. "आता पाय अजिबात दुखत नाहीत."