क्लच सोडताना

मोटरसायकल पुन्हा बंद पडली, आणि तीही पार्किंगच्या पार दुसऱ्या टोकाला.

देवदत्तने मास्क हनुवटीखाली ओढला आणि तो चालू लागला. सप्टेंबर २०२० चा रविवार होता. हॉलंडमधल्या एंडहोवनच्या त्या ऑफिसपार्कात तसंही चिटपाखरू नव्हतं. सहा महिने सगळ्यांची ऑफिसं घरूनच चालली होती. निम्म्या वाटेवर त्याला दम लागला. एका झाडाला हात टेकून तो उभा राहिला. मार्चमध्ये कोविडने त्याला तीन आठवडे इस्पितळात लोळवलं होतं. घरी आला तो निम्मा होऊन, आणि डाव्या हाताची पकड तर पार गेलेली.

"क्लच एकदम सोडलास," पोचल्यावर तो बायकोला म्हणाला.

"मला कळतच नाही हो, किती सोडायचा ते," शैला म्हणाली. "तुम्ही दाखवा ना एकदा."

त्याने डावा हात हँडलवर ठेवला. क्लच अर्धा दाबतो न दाबतो तोच बोटं थरथरली. "हे बघ. इंजिनाचा आवाज जड झाला की तिथेच धरून ठेवायचा."

"पुन्हा दाखवा."

पाच-सहा वेळा दाखवावं लागलं.

इस्पितळातून आल्यावर देवदत्त खिडकीपाशी बसला तो बसलाच. फिजिओथेरपिस्टने दाबायला दिलेला स्पंजचा चेंडू त्याने खणात टाकून दिला होता. जूनमध्ये त्याने मोटरसायकल विकायला काढली. युट्रेख्टहून एक जण बघायला येणार होता. त्याच्या आदल्या दिवशी शैला म्हणाली, "विकू नका. मी शिकते."

पन्नाशीत हे काय खूळ, असं त्याला वाटलं. पण तिने ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं आणि मोजक्याच तासांत परीक्षा देऊन, परवाना घेऊन आली.

"परवाना मिळाला म्हणजे गाडी आली असं नाही," देवदत्त म्हणाला. "परीक्षा वेगळी, रस्ता वेगळा."

"म्हणून तर म्हणते, तुम्ही शिकवा."

मग दर शनिवार-रविवार शिकवणी सुरू झाली. नजर चाकापुढे नको, वळणाच्या शेवटी ठेव. जिकडे बघशील तिकडे गाडी जाईल. सावकाश वळताना पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस. शैला मान डोलवायची, आठचा आकडा काढायची आणि लांब कुठेतरी जाऊन गाडी बंद पाडायची. मोबाइलवरून सांगितलेलं तिला समजत नसे. "इथपर्यंत याच ना," ती म्हणायची.

शिकवता शिकवता त्याला येझदी आठवायची. ब्याण्णव साली लग्न झालं तेव्हा कोल्हापुरात त्याच्याकडे काळी येझदी होती. पहाटे दोघं पन्हाळ्याला जायची. शैला, गारगोटीच्या गुरांच्या डॉक्टरांची मुलगी, एका बाजूला पाय सोडून, पदर कमरेला खोचून बसायची. मागे बसावं तर हिनेच, असं तो मित्रांना सांगायचा. वळणावर वजन म्हणून जाणवायचं नाही. त्या पहाटेचा गारवा, गडावरचा चहा, तिच्या हातातल्या बांगड्यांचा आवाज; तो बोलत राहायचा आणि शैला हेल्मेट मांडीवर घेऊन ऐकत राहायची. इतकं तो कित्येक महिन्यांत बोलला नव्हता.

ऑक्टोबर लागला तशी ती पार्किंग ओलांडून कालव्याच्या रस्त्यावर गाडी बंद पाडू लागली. देवदत्त वैतागून तरातरा तिथवर जायचा. वाटेतलं झाड कधी मागे पडलं हे त्याच्या ध्यानातही यायचं नाही.

एका रविवारी शैला म्हणाली, "मास्ट्रिख्टकडे जाऊ या. या सपाट देशात घाट म्हणावं असं तेवढंच आहे."

तो आयुष्यात पहिल्यांदा तिच्या मागे बसला. कॉफीची दुकानं बंद होती, म्हणून दशम्या आणि चहाचा थर्मास बरोबर घेतला होता. मास्ट्रिख्टच्या पुढे एका टेकडीवर त्यांनी चहा घेतला. खाली पिवळ्या झाडांमधून रस्ता वळणं घेत उतरत होता. शैलाने हेल्मेट काढून हातात धरलं.

"हा उतार काही मला झेपायचा नाही. तुम्ही घ्या."

"अगं, माझा हात…"

"मग काय, इथेच राहायचं?"

देवदत्त पुढे बसला. त्याने क्लच दाबला, तो पुरता आत गेला. पहिलं वळण त्याने जपून घेतलं. तिसऱ्या वळणाला तो पन्हाळ्याहून उतरत होता. घरापर्यंतची शंभरेक किलोमीटर त्याने गाडी तिला परत दिली नाही.

संध्याकाळी शैला अंघोळीला गेली असताना गारगोटीहून तिच्या धाकट्या भावाचा, हरीशचा फोन आला. देवदत्तने त्याला सगळी सहल सांगितली.

"तुझ्या ताईचा हात बसतोय हळूहळू," तो म्हणाला. "पण धीर कमी पडतो. उतार बघून घाबरली. शेवटी मीच आणली गाडी."

पलीकडे हरीश हसू लागला.

"कोण, ताई घाबरली?"

"मग काय. क्लच दाखवून दाखवून दमलो मी."

"दाजी, आता इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही," हरीश म्हणाला. "लग्न ठरलं तेव्हा आईने आम्हाला बजावलं होतं, सासरी याची वाच्यता करायची नाही म्हणून. आमच्या वडिलांचा, अण्णांचा पाय मोडून अधू झाला होता ना, तेव्हा आजारी गुरं बघायला ताईच त्यांना मागे बसवून न्यायची. राजदूत मोटरसायकलवरून, तीन वर्षं, भर पावसात फोंडा घाट उतरून. मलासुद्धा गाडी शिकवली ती तिनेच."