कायमचा पत्ता

"मोरीतला नळ कोणत्या हाताले आहे?" रुपरावने विचारलं.

"डाव्या," शालिकराम म्हणाला.

"उजव्या, बाबा! उजव्या! किती खेपा सांगितलं तुमाले?"

बहात्तर वर्षांचा बाप मान खाली घालून बसला आणि चाळिशीतला मुलगा कपाळाला हात लावून. सून प्रेमलता ओट्याजवळून हे ऐकत होती. या म्हाताऱ्याच्या भरवशावर आपलं काही खरं नाही, असं तिला अगदी मनापासून वाटत होतं.

भानगड अशी होती. रुपराव नागपुरात केंद्र सरकारच्या एका ऑफिसात क्लार्क. दर महिन्याला पगारातून थोडे पैसे कापायचे आणि त्यावर सगळ्या घराला सरकारी दवाखान्याचं कार्ड मिळायचं. कार्डावर शालिकरामचंही नाव होतं. नियम एवढाच की, आईबापाचं नाव घालायचं तर ते मुलावर अवलंबून पाहिजेत आणि मुलाच्याच घरी राहायला पाहिजेत. अवलंबून तर शालिकराम होताच. राहत मात्र होता कळमेश्वरला, दोन खोल्यांत एकटा, आपल्या हातानं भाकरी थापत. त्याच्या छातीच्या दुखण्याच्या गोळ्या रुपराव दर महिन्याला दवाखान्यातून उचलायचा आणि एसटीच्या कंडक्टरच्या हाती धाडायचा.

पाच वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग कोणीतरी ऑफिसात निनावी अर्ज टाकला, टाइप केलेला. सदर कर्मचाऱ्याचे वडील त्याच्या घरी राहत नाहीत, तरी चौकशी व्हावी. ऑफिसानं रुपरावला कळवलं की, पंधरा दिवसांत केव्हाही तपासनीस घरी येईल. त्याच संध्याकाळी रुपरावने कळमेश्वर गाठलं आणि बापाला पिशवीसकट उचलून आणलं.

"शेजारच्या भैयाजीचंच काम हाय हे," प्रेमलता म्हणाली. "पाण्यावरून भांडण झालं तवापासून जळून राहिला तो."

"दुसरा काही उपाय नाई का गा?" शालिकरामने विचारलं. "मिलमंदी असताना विम्याचा दवाखाना होता ना माहा."

"तो नोकरी होती तोवरच. तुमी रिटायर झाले, तो संपला. सरकारी पेन्शन तुमाले नाई, म्हणजे पेन्शनरचं कार्ड नाई. विमा कंपनीवाले या वयाच्या माणसाले उभं करत नाईत. हे एकच कार्ड हाय, बाबा. हे गेलं तर गोळ्या बाजारातून, आन खोटं लिहून दिलं म्हणून माही नोकरीही जाईन."



मग तयारी सुरू झाली. बाहेरच्या खोलीत त्याची खाट पडली. त्याचं धोतर रोज पुढच्याच तारेवर वाळू लागलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून. रुपराव त्याला दवाखान्यात नेऊन डॉक्टरांना तोंड दाखवून आला. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर बापाला घेऊन कॉलनीतून चक्कर मारायचा आणि जेवणं झाली की समोर बसवून उजळणी. पाच वर्षांत बापलेक मिळून इतकं बोलले नसतील. म्हाताऱ्याचं डोकं मात्र काही चालेना. नळ आठव्या दिवशीही डाव्याच हाताला. रुपराव वैतागायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

अकराव्या दिवशी सकाळी तपासनीस आला.

"आजोबा, इथे कधीपासून राहता?"

"बायको गेली तवापासून, साहेब. पाच वर्षं झाले. पोरगा म्हणला, बाबा, आता एकटे नका राहू. हात धरून घेऊन आला मले."

रुपराव जमिनीकडे बघत राहिला.

"इथे बरं आहे ना?"

"राती खोकला आला तं सून उठून पाणी देते. अजून काय पाहिजे?"

प्रेमलतानं पदर सारखा केला. साहेबांनी तिसरीतल्या सिंधूला, नातीला, जवळ बोलावलं. आबाजी कुठं झोपतात म्हणून विचारलं.

"माह्याजवळ. गोष्ट सांगता सांगता मधातच झोपून जातेत."

साहेब हसले. शेजारी भैयाजीलाही विचारून आले. तो बिचारा म्हणाला, म्हातारा रोज दिसतो. कागदावर सही झाली.

"एका खेपेत समजते का, साहेब, तुमाले?" शालिकराम एकदम म्हणाला. "पुन्हा नाई येणार?"

रुपराव बापाला डोळ्यांनी दटावू लागला. पण साहेबांनी म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "नाही हो आजोबा. आता तुम्हाला कोणी त्रास देणार नाही."

त्या दिवशी घरात शिरा झाला. रुपरावने कितीतरी दिवसांनी पोटभर जेवण केलं.

"बाबा, उद्या सकाळची गाडी हाय," हात धुताना तो म्हणाला. "सिंधूची परीक्षा आली. जागाही तुमी पाहूनच राहिले."

"हो ना. जातो ना मी."

सकाळी स्टँडवर त्यानं बापाला खिडकीजवळ जागा धरून दिली. महिन्याच्या गोळ्या खिशात घातल्या आणि पुढच्या महिन्याच्या कंडक्टरकडे पाठवीन म्हणाला. गाडी हलली तेव्हा रुपरावला वाईट वाटलं. सुटल्यासारखंही वाटलं, आणि तेच जास्त वाटलं.

कळमेश्वरला उतरल्यावर शालिकराम घराकडे वळला नाही. तो तहसील कचेरीसमोर गेला. तिथं देवराव टाइपिस्ट नुकताच मशीनवरचं कापड काढत होता.

"या, भाऊ! झालं का काम?"

"झालं. अकरा दिवस." शालिकराम बाकड्यावर टेकला. "आता दुसरा अर्ज टाक. सारं मागच्यासारखंच लिही. फक्त खाली एवढं वाढव, का एका दिवसाच्या तपासणीनं काही समजत नाई, चांगली सालभर नजर ठेवा म्हणा."